यशवंतची आई : सावित्रीबाई फुले

दरवर्षी ३ जानेवारीला कॉलेजच्या पोर्चमध्ये टेबलावर एक फोटो ठेवला जातो. हार घातला जातो, अगरबत्ती लागते, चार शब्द बोलले जातात आणि पहिल्या तासाची बेल झाली की सगळे पांगतात. फोटोतल्या बाईंविषयी आपल्याला शाळेपासून एकच गोष्ट पाठ असते : त्यांनी मुलींना शिकवलं आणि त्यासाठी अंगावर शेण झेललं. गोष्ट खरी आहे. पण मित्रहो, एक हिशोब करून पाहा. शेण अंगावर घेऊन शाळेत जाणारी ती मुलगी तेव्हा फार तर सतरा-अठरा वर्षांची होती. म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या वयाची. त्यानंतर सावित्रीबाई जवळजवळ पन्नास वर्षं जगल्या. त्या पन्नास वर्षांत त्यांनी काय केलं, घरात त्या कशा होत्या, त्यांना मूल होतं का, हे कुणाला विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. या लेखात मला त्या पन्नास वर्षांबद्दल लिहायचं आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० साली लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतिराव तेरा वर्षांचे. त्या काळात यात नवल काहीच नव्हतं. नवल पुढे घडलं. जोतिरावांची आई ते तान्हे असतानाच गेली होती. त्यांना वाढवलं त्यांच्या नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. सगुणाबाई मिशनऱ्यांच्या घरी मुलं सांभाळण्याचं काम करत, त्यामुळे शिक्षणाची किंमत त्यांना कळली होती. जोतिराव शाळेतून जे शिकून येत, ते मळ्यात या दोघींना शिकवत. एक बालविधवा आणि एक अल्पवयीन बायको, असा तो वर्ग. पुढे सावित्रीबाईंनी अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्या शिकल्या. म्हणजे नवऱ्याची शाळा होती म्हणून त्या शिक्षिका झाल्या, असं कुणी म्हणू नये. त्या ट्रेनिंग घेतलेल्या शिक्षिका होत्या.

१८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. वाडा तात्यासाहेब भिड्यांचा. पहिल्या पटावर मुली किती, तर सहा. आज आपल्या एका प्रॅक्टिकलच्या बॅचमध्येही याहून जास्त पोरं असतात! त्या सहा मुलींना गोळा करण्यासाठी घरोघर जावं लागलं असणार, कारण मुलगी शिकली की विधवा होते, अशी समजूत घट्ट होती. रस्त्यावरून जाताना लोक शिव्या देत, दगड-शेण मारत. सावित्रीबाई जाताना एक जादा लुगडं बरोबर ठेवत. शाळेत पोचल्यावर घाण झालेलं बदलायचं, शिकवायचं, आणि परत जाताना तेच अंगावर चढवायचं, कारण परतीच्या वाटेवरही तेच व्हायचं होतं. त्यांच्या सोबतीला बळवंत सखाराम कोल्हे हा शिपाई असे. त्याने नंतर सांगितलेल्या आठवणींमुळेच हे आपल्यापर्यंत आलं.

पण खरी परीक्षा घरी झाली. भावकीच्या आणि समाजाच्या दबावाखाली १८४९ मध्ये सासरे गोविंदराव यांनी सांगितलं की शाळा सोडा नाहीतर घर सोडा. विचार करा, अठरा वर्षांची सून. नवऱ्याचं ठरलेलं होतं, पण तिला अजून वाट होती. सासरी राहता आलं असतं, माहेरी पाटलाचं घर होतं. सावित्रीबाई जोतिरावांबरोबर बाहेर पडल्या. त्यांना आसरा दिला उस्मान शेख यांनी, गंज पेठेत. फातिमा शेख यांनीही सावित्रीबाईंच्या जोडीने शिकवण्याचं काम केलं. १८५१ पर्यंत शाळा तीन झाल्या होत्या आणि मुलींची संख्या दीडशेच्या आसपास गेली होती. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतिरावांचा सत्कार झाला. शाल जोतिरावांच्या खांद्यावर पडली, त्यामागे रोज सकाळी फळ्यासमोर उभं राहणारी व्यक्ती कोण होती हे पुण्याला माहीत होतं.

शिक्षक किती चांगला, हे त्याच्या रिझल्टवरून ठरवायची आपल्याकडे पद्धत आहे. तर सावित्रीबाईंचा एक रिझल्ट सांगतो. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी. वय चौदाच्या आसपास, आणि शाळेत येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. त्यात तिने धर्माच्या नावाखाली चाललेल्या अन्यायाला थेट प्रश्न केले आहेत. चौदा वर्षांच्या मुलीला प्रश्न विचारायची हिंमत यावी, हे गाईड पाठ करून होत नाही. तिच्या वर्गात तसं वातावरण असावं लागतं. आपल्याला सेमिनारच्या शेवटी कुणी शंका विचारा म्हटलं की सगळ्या वर्गाच्या माना खाली जातात, यावरून काय ते समजून घ्या.

आता पत्नी म्हणून सावित्रीबाई. त्यांचं सहजीवन पन्नास वर्षांचं. त्यांना जवळून पाहिलेल्या गोविंद गणपत काळे यांनी लिहून ठेवलं आहे की जोतिराव बायकोला अहो-जाहो करत आणि सावित्रीबाई त्यांना शेटजी म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात बायकोला अहो म्हणणारा नवरा! आजही आपल्या गावाकडे किती घरांत हे ऐकू येतं, हे ज्याने त्याने आठवून बघावं. अंगावर दागिने जवळजवळ नाहीत, गळ्यात एक पोत आणि कपाळावर मोठं कुंकू, असं त्यांचं साधं राहणं होतं.

त्यांची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत. पत्रं बायकोने नवऱ्याला लिहिलेली, पण त्यांत लुगडं-दागिने, सासू-नणंद असं काही नाही. १८५६ च्या पत्रात त्या आजारपणामुळे नायगावला माहेरी आहेत. तिथे भावाने त्यांना सुनावलं की तुम्ही नवरा-बायको खालच्या जातींसाठी काम करता, वाळीत पडला आहात, नवऱ्याने भटाचं ऐकावं आणि हे सोडावं. अंथरुणावरून नुकत्या उठलेल्या या बाईने भावाला शांतपणे उत्तर दिलं आणि त्याची समजूत घातली. दुसरं पत्र १८६८ चं. गावात एका ब्राह्मण तरुणाचं दलित मुलीवर प्रेम होतं, ती गरोदर राहिली आणि गावकरी दोघांना मारायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याची भीती घातली, जमावाला रोखलं आणि त्या दोघांना जोतिरावांकडे पुण्याला पाठवून दिलं. तिसरं पत्र १८७७ चं, जुन्नरजवळच्या ओतूरहून. दुष्काळ पडला होता, माणसं आणि जनावरं मरत होती, आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते गावोगाव मदत करत होते. त्या कामाचा तो अहवालच आहे म्हणा ना. अशी पत्रं जिला लिहाविशी वाटतात आणि ज्याला लिहाविशी वाटतात, ती दोघं एकमेकांना काय मानत असतील ते वेगळं सांगायला नको.

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जोतिराव कॉन्ट्रॅक्टर होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्यांची भागीदारी होती आणि बांधकामाच्या ठेकेदारीवर त्यांचा चरितार्थ चाले. म्हणजे घरात पैसा येत नव्हता असं नाही. पण तो राहत नव्हता. महादू सहादू वाघोले यांच्या आठवणीनुसार सावित्रीबाई दारात आलेल्याला जेवू घातल्याशिवाय सोडत नसत आणि गरीब बायकांच्या अंगावर फाटकं दिसलं की घरातलं लुगडं काढून देत. जोतिराव कधी खर्चावरून बोलले तर त्या हसून विचारत की बरोबर काय न्यायचं आहे. मग तेही गप्प बसत.

इथवर लिहिलं तरी मूळ प्रश्न राहिलाच. मूल.

या जोडप्याला मूल झालं नाही. त्या काळात याचा अर्थ एकच, दुसरं लग्न. घरच्यांनी आग्रह धरलाही. तेव्हा जोतिरावांनी उलट विचारल्याचं सांगतात की दोष पुरुषाचा असेल तर बायकोने दुसरा नवरा करावा का. विषय तिथे संपला. पण सावित्रीबाईंच्या घरात पाळणा मात्र हलला, आणि एकदा नव्हे, अनेकदा.

त्या काळी उच्चवर्णीय घरांत बालविधवा पुष्कळ असत. पुनर्विवाहाला बंदी आणि घरातल्याच पुरुषांची नजर वाईट. दिवस गेले की तिच्यापुढे दोनच मार्ग, विहीर जवळ करायची किंवा जन्मलेलं मूल मारायचं. मूल मारल्याबद्दल अशा विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झाल्याचं प्रकरणही पुण्यात घडलं. पुरुषाला कुणी काही विचारत नव्हतं. हे पाहून १८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशा अर्थाच्या जाहिराती पुण्यात लावल्या. जाहिरात लावणं सोपं आहे. येणाऱ्या बाईचं बाळंतपण कुणी करायचं, रात्री रडणारं पोर कुणी घ्यायचं, दुपटी कुणी धुवायची? ते सगळं सावित्रीबाईंनी केलं. ज्यांच्या घरच्यांनी शेण मारलं, त्यांच्याच लेकीसुना तोंड लपवून त्यांच्या दाराशी येत होत्या आणि त्या दार उघडत होत्या.

जोतिरावांनी १८८४ मध्ये या कामाचा जो तपशील दिला, तो वाचून सुन्न व्हायला होतं. तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी हयात होती फक्त पाच. बाकीची दगावली, कारण गर्भ पाडण्यासाठी आधीच पोटात विषारी औषधं दिलेली होती. म्हणजे सावित्रीबाईंनी तीस वेळा मूल हातात घेतलं आणि ते गेलेलं पाहिलं. आपल्याला एक विषय बॅक राहिला तर आठवडाभर मेसमध्ये जेवण जात नाही. त्यांनी एकतिसाव्या वेळीही दार उघडंच ठेवलं.

जगलेल्या मुलांतलाच एक यशवंत. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा. १८७४ मध्ये फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतलं. दत्तक घ्यायचा तर भाऊबंदांतला, जातीतला घ्यावा असा रिवाज. यांनी घेतलं ते पोर समाजाच्या लेखी कलंक होतं. जोतिरावांनी पुढे मृत्युपत्र करून त्याला वारस नेमलं आणि दोघांनी त्याला डॉक्टर केलं. यशवंतचं लग्न ठरवतानाही मुलगी मिळणं सोपं नव्हतं. शेवटी सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांच्या मुलीशी ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने लग्न झालं. दोघांची ओळख व्हावी, स्वभाव कळावा म्हणून मुलीला लग्नाआधीच घरी राहायला आणलं होतं. सासू अशी मिळावी की नाही?

हॉस्टेलवाल्यांसाठी आणखी एक. फुल्यांच्या घरी बाहेरगावची मुलं शिकायला राहत. म्हणजे एक छोटं वसतिगृहच होतं. रेक्टर, मेसवाली, आजारपणात उशाशी बसणारी, सगळं काही सावित्रीबाई. त्या मुलांपैकी एकाने मोठेपणी आठवण लिहिली की इतकी माया जन्मदात्या आईकडूनही मिळणं कठीण. घरापासून लांब राहून ताप आला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. ती आठवण त्या मुलाने का लिहिली असेल, हे हॉस्टेलवर राहणाऱ्याला लगेच कळतं.

१८८८ मध्ये जोतिरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. ते डाव्या हाताने लिहू लागले आणि सार्वजनिक सत्यधर्म हे शेवटचं पुस्तक त्यांनी तसंच पुरं केलं. पैसा संपत आला होता. आजारी नवरा, शिकणारा मुलगा आणि नेहमीचा पाहुण्यांचा राबता, हे सारं सावित्रीबाई सांभाळत होत्या. मामा परमानंद यांनी जुलै १८९० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना मदतीसाठी पत्र लिहिलं, त्यात जोतिरावांपेक्षाही त्यांच्या पत्नीचं कौतुक अधिक करावं असं त्यांनी नमूद केलं आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले.

आणि तेव्हाही वाद निघाला. अंत्ययात्रेत पुढे टिटवे धरण्याचा मान वारसाचा. यशवंत दत्तक, आणि तोही असा, म्हणून भाऊबंद आडवे आले. प्रेत दारात, लोकांची गर्दी आणि वाद काही मिटेना. तेव्हा सावित्रीबाई पुढे आल्या आणि टिटवे त्यांनी स्वतःच्या हातात धरलं. हिंदू घरातली बाई स्मशानात पायही ठेवत नसे, तिथे ती नवऱ्याच्या अंत्ययात्रेच्या पुढे चालत निघाली. त्या दिवशी त्यांनी एकाच कृतीत दोन्ही नाती निभावली. नवऱ्याचा निरोप अडू दिला नाही आणि मुलाचा अपमान होऊ दिला नाही.

जोतिरावांनंतर सत्यशोधक समाजाचं काम त्यांनी पुढे नेलं. १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९२ मध्ये बावनकशी सुबोधरत्नाकर हे त्यांचं काव्य प्रसिद्ध झालं. पहिला संग्रह, काव्यफुले, १८५४ चा, म्हणजे त्या तेवीस वर्षांच्या असतानाचा. घरात मात्र दुःख होतं. यशवंतची बायको १८९५ मध्ये वारली.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. आपण २०२० मध्ये कोविड पाहिला, त्यामुळे साथ म्हणजे काय हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हॉस्टेल रिकामी करून घरी पळालेलो आपण. तेव्हा प्लेगवर खात्रीचं औषध नव्हतं. सोजिरांकडून घरांची झडती होत होती, भीतीने लोक घरातला रोगी लपवत होते, कुणी कुणाला शिवत नव्हतं. यशवंत लष्करात डॉक्टर होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. ते रजा काढून आले आणि गावाबाहेर, ससाण्यांच्या माळावर मायलेकांनी दवाखाना सुरू केला. डॉक्टर मुलगा आणि त्याची सहासष्ट वर्षांची आई. मुंढव्याच्या दलित वस्तीत गायकवाड कुटुंबातल्या एका मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा त्या स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. पुढे यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले.

एक क्षण थांबून हे बघा. ज्या मुलाला जन्मताच विहिरीत टाकलं जायचं, त्याला एका बाईने उचललं, वाढवलं, शिकवलं. मग शेकडो लोक मरत असताना त्याला सुरक्षित नोकरीतून बोलावून घेतलं आणि त्या लोकांसाठी उभं केलं. आई म्हटलं की आपल्याला पोराला संकटापासून लांब ठेवणारी आठवते. ही आई वेगळी होती. मुलाला पाठवून ती घरी देव पाण्यात घालून बसली नाही. त्याच्या बाजूला उभी राहिली आणि त्याच्या आधी गेली.

या बाईंचं नाव २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला दिलं गेलं. आपल्यातल्या कित्येकांच्या भावाबहिणींच्या, मित्रांच्या मार्कशीटवर ते छापलेलं असतं. भिडे वाडा मात्र वर्षानुवर्षं पडीक राहिला. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी ती मोडकी इमारत पाडण्यात आली. गंज पेठेतला फुले वाडा मात्र आहे. इंटरव्ह्यूला, प्रोजेक्टच्या कामाला, नाहीतर नुसतं भटकायला आपण पुण्याला जातोच. पुढच्या वेळी एक तास काढा. अंगणात ती विहीर आहे जी १८६८ मध्ये या दोघांनी अस्पृश्यांसाठी खुली केली. जोतिरावांची समाधी आहे. आत खोल्या आहेत, लहानच. त्याच खोल्यांत शिकणारी पोरं राहिली, लपून आलेल्या बायका बाळंत झाल्या, तीस मुलं गेली आणि एक यशवंत मोठा झाला.

आणि तिथून परत आलात की आईला एक फोन करा. ती कितवी शिकली, शाळा का सुटली, तिला पुढे शिकायचं होतं का, हे विचारा. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे कधी विचारलेलंच नसतं. उत्तर काहीही येवो, ते नीट ऐका. पुढच्या ३ जानेवारीला फोटोपुढे उभं राहताना त्याचा उपयोग होईल.